स्पर्धात्मक क्रीडापटूंची हृदयतपासणी आणि हृदयप्रतिमेचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

व्यायामाने शरीर सुदृढ होते, ही धारणा जगातील बहुतेक समाजांत रुजलेली आहे. त्यामुळे ऐन तारुण्यातील, वर्षानुवर्षे नियमित सराव करणारा खेळाडू मैदानावर एकाएकी कोसळून मृत्युमुखी पडतो, तेव्हा ती घटना या धारणेलाच धक्का देते. अशा मृत्यूंमागे बहुधा हृदयाचा एखादा जन्मजात अथवा आनुवंशिक दोष असतो आणि तो खेळाडूला, त्याच्या कुटुंबाला वा प्रशिक्षकाला ठाऊक नसतो, हे वैद्यकशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले. दोष आधीपासून असेल तर तो आधीच पाहता येणार नाही का, या साध्या प्रश्नातून स्पर्धापूर्व हृदयतपासणीचा विचार पुढे आला.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दीर्घकाळच्या कठोर सरावाने निरोगी हृदयही आकाराने वाढते, त्याच्या भिंती जाड होतात आणि विश्रांतीच्या वेळी त्याचे ठोके मंदावतात. हृदयस्नायूच्या काही घातक आजारांतही हृदय मोठे वा जाड होते. म्हणजे जो बदल एका खेळाडूच्या सामर्थ्याची खूण असतो, तोच दुसऱ्याच्या बाबतीत मृत्यूची सूचना असू शकतो. रोग ओळखण्यात चूक झाली तर जीव जातो. निरोगी खेळाडूला रोगी ठरवले तर त्याने घडवलेले आयुष्य हातातून निसटते. हृदयाची प्रतिमा मिळवण्याचे प्रत्येक नवे साधन या दोन चुकांमधील अंतर मिटवील, अशी अपेक्षा सुमारे सव्वाशे वर्षे बाळगली गेली. ती कितपत पूर्ण झाली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘क्रीडापटूचे हृदय’ या संकल्पनेच्या उगमाचा व विकासाचा आढावा घेणे.
२) क्ष-किरण, इकोकार्डिओग्राफी व एमआरआय या प्रतिमातंत्रांनी या संकल्पनेत घडवून आणलेले बदल तपासणे.
३) इटली, अमेरिका, इस्रायल व इंग्लंड येथील अनुभवांच्या आधारे सक्तीच्या तपासणीचे यश आणि मर्यादा स्पष्ट करणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध वैद्यकीय संशोधन, कायदे व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे. अभ्यासाची व्याप्ती १८६७ ते २०२३ या कालखंडापुरती मर्यादित आहे.

१. प्रतिमेपूर्वीचा काळ : वाद आणि ताडनपरीक्षा

या वादाचा आरंभ एका वृत्तपत्रीय पत्राने झाला, असे म्हणता येईल. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांमधील नौकाशर्यत इंग्लंडमध्ये अत्यंत लोकप्रिय होती. १८६७ मध्ये लंडनमधील नामवंत शल्यचिकित्सक एफ. सी. स्की यांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून ही शर्यत तरुणांच्या प्रकृतीस घातक असल्याचा आक्षेप घेतला. त्यावर बराच वादंग झाला. स्वतः विद्यार्थिदशेत ऑक्सफर्डमध्ये वल्ही मारलेले डॉक्टर जॉन मॉर्गन यांनी या आक्षेपाची पडताळणी करण्याचे ठरवले. १८२९ ते १८६९ या काळात शर्यतीत भाग घेतलेल्या २९४ नौकापटूंची माहिती त्यांनी पत्रव्यवहाराने मिळवली आणि १८७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या नौकापटूंचे आयुर्मान तत्कालीन सर्वसाधारण अपेक्षेपेक्षा सुमारे दोन वर्षांनी अधिक असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. नौकापटू बहुतेक सधन घरांतील होते. त्यामुळे त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय केवळ वल्ह्यांना देता येत नाही. तथापि खेळाच्या परिणामाविषयी मतापेक्षा मोजणी महत्त्वाची आहे, हा धडा या ग्रंथाने घालून दिला.

हृदयाचा आकार प्रत्यक्ष जाणण्याचा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. १८९९ मध्ये उप्साला येथील डॉक्टर एस. ई. हेन्शेन यांनी लांब पल्ल्याच्या बर्फावरील शर्यतीत भाग घेणाऱ्या स्कीपटूंची तपासणी केली. छातीवर बोटांनी ठोकून निघणाऱ्या आवाजातील फरकावरून हृदयाच्या सीमा ठरवायच्या, एवढेच साधन त्यांच्या हाती होते. या ताडनपरीक्षेवरून स्कीपटूंचे हृदय इतरांपेक्षा मोठे असते आणि मोठे हृदय अधिक काम करू शकत असल्याने ते हितकारकच आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील यूजीन डार्लिंग यांनीही नौकापटूंच्या हृदयाविषयी अशीच निरीक्षणे नोंदवली. हेन्शेन यांचे अनुमान पुढील संशोधनात बऱ्याच अंशी खरे ठरले. मात्र समकालीन वैद्यकात मोठे हृदय म्हणजे थकलेले, निकामी होऊ घातलेले हृदय अशीच समजूत प्रबळ होती आणि बोटांच्या ठोक्यांवर आधारलेला पुरावा ती दूर करण्यास पुरेसा नव्हता.

२. छाया आणि आलेख

१८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाच्या हृदयाची छाया प्रथमच डोळ्यांना दिसू लागली. १९२४ मध्ये व्हिएन्ना येथील फेलिक्स डॉइच आणि एमिल काउफ यांनी हृदय व क्रीडा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सहभागी खेळाडूंची शास्त्रीय तपासणी करण्यात आली. तीत हृदयाच्या आकाराच्या मोजणीचाही समावेश होता. क्रीडावैद्यकाची आंतरराष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षी स्थापन झाली. खेळाडूचे हृदय हा आता विद्यापीठीय संशोधनाचा विषय झाला होता.

याच सुमारास दुसरे एक साधन विकसित झाले. नेदरलँड्समधील विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हृदयातील विद्युतस्पंदनांची नोंद करणारे यंत्र सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९२४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विद्युत-हृदयालेखात, म्हणजेच ईसीजीत, हृदयाचे रूप दिसत नाही. त्याच्या विद्युतकार्याची रेघ तेवढी उमटते. पुढे क्रीडापटूंच्या तपासणीत हृदयप्रतिमा कोणाची काढावयाची हे ठरवण्याचे काम याच रेघेकडे आले.

क्ष-किरणांच्या छायेची मर्यादा उघड होती. छायेवरून हृदयाची बाह्यरेषा कळते. ते पोकळीच्या विस्ताराने मोठे झाले की भिंतींच्या जाडीने, हे कळत नाही. त्यामुळे वाद मिटला नाही. अमेरिकेतील धावपटू क्लॅरेन्स डीमार यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हृदयात अस्वाभाविक ध्वनी ऐकू येतो, या कारणास्तव डॉक्टरांनी त्यांना धावण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. या धावपटूने १९११ ते १९३० या काळात बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली. १९५८ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल प्रख्यात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. डीमार यांच्या हृद्‌रोहिण्या सर्वसाधारण माणसाच्या तुलनेत दोन ते तीन पट रुंद होत्या. स्टेथोस्कोपने ज्या हृदयाविषयी शंका घेतली होती त्याचे खरे स्वरूप मृत्यूनंतरच कळले. जिवंतपणी हृदयाच्या आत डोकावण्याचे साधन त्या काळी सामान्य वैद्यकीय व्यवहारात उपलब्ध नव्हते.

३. श्राव्यातीत ध्वनीचे आगमन आणि एका आजाराची ओळख

ही उणीव स्वीडनमध्येच भरून निघाली. लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर आणि भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेलमुथ हर्ट्झ यांनी धातूतील भेगा शोधण्यासाठी जहाजबांधणी उद्योगात वापरले जाणारे यंत्र हृदयाकडे वळवले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीतून पाठवायच्या आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतील भिंतींचे अंतर मोजायचे, हे त्यामागील तत्त्व होते. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांनी धडधडत्या हृदयाची पहिली नोंद मिळवली. इकोकार्डिओग्राफीचा हा जन्मदिवस मानला जातो. प्रारंभी ही नोंद म्हणजे काही नागमोडी रेषा होत्या. १९७० च्या दशकात द्विमितीय चित्र शक्य झाले आणि त्यातूनच आपल्याकडे ‘टू-डी इको’ या नावाने परिचित असलेली तपासणी रूढ झाली. या तपासणीत किरणोत्सर्ग नाही, सुई टोचावी लागत नाही आणि ती पुन्हा पुन्हा करता येते. त्यामुळे निरोगी खेळाडूंच्या तपासणीसाठी ती विशेष सोयीची ठरली.

याच दशकांत शवविच्छेदनगृहातून एक वेगळा धागा पुढे आला. लंडनमधील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी १९५८ मध्ये तरुण वयात मृत्यू पावलेल्या काही व्यक्तींच्या हृदयांचे वर्णन केले. त्यांच्या हृदयाची भिंत सर्वत्र सारखी जाड नव्हती; दोन निलयांमधील, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडदा विषम रीतीने जाड झालेला होता. हा आजार पुढे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी या नावाने ओळखला जाऊ लागला. तो बहुधा आनुवंशिक असतो आणि अनेकांत कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो.

हे दोन्ही धागे १९७० च्या दशकात अमेरिकेत एकत्र आले. जोएल मॉर्गनरॉथ, बॅरी मॅरन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ५६ खेळाडूंच्या इको तपासणीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. लांब पल्ल्याचे धावपटू व जलतरणपटू यांच्यात डाव्या निलयाची पोकळी विस्तारते, तर कुस्तीगीर व गोळाफेकपटू यांच्यात त्याच्या भिंती जाड होतात, असे त्यात आढळले. एका प्रकारात हृदयाला अधिक रक्त सामावून घ्यावे लागते, दुसऱ्यात क्षणिक पण प्रचंड दाबाविरुद्ध काम करावे लागते, अशी त्याची उपपत्ती होती. पुढील संशोधनाने ही विभागणी इतकी काटेकोर नसल्याचे दाखवले. तरीही ‘मोठे हृदय’ या एका शब्दाखाली दोन भिन्न घडणी दडलेल्या आहेत, हे जिवंत खेळाडूंमध्ये प्रथमच मोजून सिद्ध झाले.

१९८० मध्ये मॅरन आणि सहकाऱ्यांनी अचानक मृत्यू पावलेल्या २९ तरुण क्रीडापटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. २८ जणांच्या हृदयात वा रक्तवाहिन्यांत रचनात्मक दोष आढळला आणि त्यांपैकी १४ जणांना हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी होती. मृत्यूला ‘दैवगती’ म्हणून सोडून देण्याचा काळ संपला. १९८६ मध्ये जपानमधील सामन्यादरम्यान अमेरिकेची ऑलिंपिक रौप्यपदक विजेती व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन मरण पावली. मार्फन सिंड्रोम या आनुवंशिक विकारामुळे तिची महारोहिणी दुभंगली होती. या विकारात महारोहिणीचा विस्तार इको तपासणीत पाहता येतो. साधन उपलब्ध असूनही दोष वेळीच उघड झाला नाही, ही जाणीव अशा घटनांनी तीव्र केली.

४. इटलीचा प्रयोग : तपासणी कायद्याने

स्पर्धापूर्व तपासणीला राज्यसंस्थेचे पाठबळ सर्वांत ठामपणे मिळाले ते इटलीत. क्रीडापटूंच्या आरोग्यरक्षणाचा कायदा तेथे १९७१ मध्ये झाला आणि १९८२ च्या शासकीय आदेशान्वये स्पर्धात्मक खेळाडूंसाठी ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली. पात्रतेच्या प्रमाणपत्रावाचून स्पर्धेत उतरता येणार नाही, अशी ही व्यवस्था होती.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. इटलीच्या पद्धतीत प्रत्येक खेळाडूची इको तपासणी होत नव्हती. प्रश्नावली, शारीरिक तपासणी आणि ईसीजी यांतून ज्यांच्याविषयी शंका निर्माण होई त्यांनाच पुढील तपासणीसाठी पाठवले जाई. पादुआ येथील क्रीडावैद्यक केंद्रात १९७९ ते १९९६ या काळात तपासलेल्या ३३,७३५ खेळाडूंचा अहवाल डोमेनिको कोर्राडो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३,०१६ जणांची, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांची, इको तपासणी करावी लागली आणि २२ जणांत हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी आढळली. या २२ जणांना स्पर्धेतून दूर ठेवण्यात आले. सरासरी आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांपैकी कोणाचाही मृत्यू झाला नाही.

२००६ मध्ये याच गटाने व्हेनेतो प्रांतातील दीर्घकालीन आकडेवारी मांडली. १९७९-८० मध्ये खेळाडूंमधील अचानक हृदयमृत्यूचे वार्षिक प्रमाण दर लाखामागे ३.६ होते, २००३-०४ मध्ये ते ०.४ पर्यंत खाली आले. ही घट ८९ टक्के होती. याच काळात तपासणी न झालेल्या सर्वसामान्य तरुणांमधील प्रमाणात लक्षणीय बदल झाला नव्हता. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या २००५ च्या सहमतिपत्राने इटलीच्या धर्तीवरील तपासणीची शिफारस केलेलीच होती. या आकड्यांनी तिला भक्कम आधार दिला.

या यशाची दुसरी बाजूही त्याच अहवालांत नोंदलेली आहे. १९८२ ते २००४ या काळात पादुआत तपासलेल्या ४२,३८६ खेळाडूंपैकी ८७९ जणांना, म्हणजे सुमारे २ टक्क्यांना, हृदयाशी संबंधित कारणांवरून अपात्र ठरवण्यात आले. यांतील किती जण खेळत राहिले असते तरी सुरक्षित राहिले असते, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही. वाचलेले जीव आणि निष्कारण थांबलेली कारकीर्द एकाच आकड्यात मिसळून गेलेली आहेत.

५. सीमारेषेचा शोध आणि सीमारेषेवरचे खेळाडू

निरोगी जाडी कोठे संपते आणि रोगट जाडी कोठे सुरू होते, या प्रश्नाला रोममधील अँतोनिओ पेलिच्चा आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये संख्यात्मक उत्तर देण्याचा प्रयत्न केला. त्यांनी तपासलेल्या ९४७ अव्वल खेळाडूंपैकी केवळ १६ जणांच्या, म्हणजे १.७ टक्क्यांच्या, डाव्या निलयाची भिंत १३ मिलिमीटर वा त्याहून जाड होती. या सोळांपैकी पंधरा जण नौकानयन व कनूइंग करणारे होते आणि एक सायकलपटू होता. जाडीची कमाल मर्यादा १६ मिलिमीटर आढळली. यावरून सुमारे १३ ते १५ मिलिमीटर हा पुरुष खेळाडूंसाठी संदिग्ध पट्टा मानला जाऊ लागला. त्याखालील जाडी बहुधा सरावाची, त्यावरील बहुधा रोगाची. मधल्या पट्ट्यातील खेळाडूबाबत केवळ प्रतिमेवरून निर्णय देता येत नाही.

या पट्ट्यातील खेळाडूंसाठी एक उपाय सुचवला गेला : सराव थांबवून वाट पाहणे. सरावाने आलेली जाडी विश्रांतीने ओसरते, रोगाची ओसरत नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा ऑलिंपिक खेळाडूंच्या भिंतीची सरासरी जाडी सराव थांबवल्यानंतर १३.८ वरून १०.५ मिलिमीटरवर आल्याचे आढळले. शास्त्रीयदृष्ट्या ही कसोटी उपयुक्त असली, तरी तीन महिने सराव थांबवणे म्हणजे खेळाडूने आपला हंगाम आणि कदाचित संघातील स्थान गमावणे होय.

या मापांविषयी आणखी एक मूलभूत प्रश्न पुढे उपस्थित झाला. ती कोणाच्या हृदयांवरून ठरली होती? आरंभीचे बहुतेक अभ्यास श्वेतवर्णीय युरोपीय खेळाडूंचे होते. २००८ मध्ये लंडनमधील संजय शर्मा यांच्या गटाने ३०० कृष्णवर्णीय पुरुष खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ मिलिमीटरपेक्षा अधिक जाडी त्यांच्यातील १८ टक्के खेळाडूंत आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या श्वेतवर्णीय खेळाडूंत हे प्रमाण ४ टक्के होते. म्हणजे जुनीच फूटपट्टी वापरली असती, तर कितीतरी निरोगी कृष्णवर्णीय खेळाडू संशयित ठरले असते. एका समाजातील मोजणीवरून ठरलेले ‘सामान्य’ माप दुसऱ्या समाजाला तसेच्या तसे लावता येत नाही, हा या अभ्यासाचा धडा होय. भारतीय खेळाडूंचे अहवाल युरोपीय तक्त्यांशी ताडून पाहतानाही तो विसरून चालणार नाही.

६. मतभेद आणि मर्यादा

इटलीचा मार्ग अमेरिकेने स्वीकारला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९९६ मध्ये खेळाडूचा व कुटुंबाचा पूर्वेतिहास आणि शारीरिक तपासणी यांवर भर दिला. २००७ मध्ये त्यासाठी बारा मुद्द्यांची सुधारित यादी प्रसिद्ध करण्यात आली. ईसीजी वा इको यांची सरसकट सक्ती मात्र नाकारण्यात आली. खेळाडूंची प्रचंड संख्या, खर्च आणि खोट्या संशयाची शक्यता ही त्यामागील कारणे होती. २००९ मध्ये मॅरन आणि सहकाऱ्यांनी मिनेसोटा राज्याची व्हेनेतोशी तुलना केली. ईसीजीची सक्ती नसतानाही अलीकडच्या वर्षांतील मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच असल्याचे त्यांनी दाखवले.

इस्रायलने १९९७ मध्ये इटलीप्रमाणे कायदा केला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कायद्यापूर्वीच्या दशकात मृत्यूचे वार्षिक प्रमाण दर लाखामागे २.५४ होते, तर नंतरच्या दशकात ते २.६६ होते. हा अभ्यास वृत्तपत्रांतील नोंदींवर आधारलेला असल्याने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. तथापि इटलीतील घट पूर्णतः तपासणीमुळेच झाली का, ही शंका त्याने बळकट केली. १९७९-८० या दोन वर्षांतील प्रमाण मुळातच असाधारण असण्याची शक्यताही लक्षात घ्यावी लागते.

फुटबॉलच्या क्षेत्रात मात्र प्रतिमेवरील विश्वास वाढत गेला. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लियाँ येथे कॉन्फेडरेशन्स चषकाच्या उपान्त्य सामन्यात कॅमेरूनचा खेळाडू मार्क-व्हिव्हियन फोए मैदानावर कोसळून मरण पावला. शवविच्छेदनात त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असल्याचे निष्पन्न झाले. २००६ च्या विश्वचषकापूर्वी फिफाने ईसीजी व इको यांचा समावेश असलेली स्पर्धापूर्व तपासणी सुरू केली.

इंग्लंडमधील अनुभव या संदर्भात सर्वाधिक अंतर्मुख करणारा आहे. तेथील फुटबॉल संघटनेच्या कार्यक्रमात १९९६ ते २०१६ या काळात सरासरी सोळा वर्षे वयाच्या ११,१६८ खेळाडूंची ईसीजी व इको अशी दुहेरी तपासणी झाली. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ४२ खेळाडूंत जीवघेणा ठरू शकणारा हृदयविकार आढळला. मात्र पुढील काळात आठ खेळाडूंचा हृदयविकाराने अचानक मृत्यू झाला आणि त्यांपैकी सहा जणांची तपासणी निर्दोष ठरली होती. तपासणी व मृत्यू यांच्यात सरासरी ६.८ वर्षांचे अंतर होते. सोळाव्या वर्षी काढलेले चित्र त्या वर्षापुरते खरे असू शकते. आनुवंशिक आजार मात्र त्यानंतरही प्रकट होत राहतात. एकदाच झालेली तपासणी आयुष्यभराची हमी देऊ शकत नाही, हे या अभ्यासाने स्पष्ट केले.

म्हणूनच तपासणीइतकेच महत्त्व मैदानावरील तातडीच्या उपचारांना आहे. गोव्याच्या क्रीडारसिकांना याची जाणीव एका दुःखद प्रसंगाने झाली. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरू येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकाशी झालेल्या धडकेनंतर कोसळला आणि मरण पावला. मैदानावरील वैद्यकीय सोयींविषयी त्यानंतर देशभर चर्चा झाली. अशा आघाताच्या वेळी आधी काढलेली प्रतिमा नव्हे, तर छातीवर दाब देणारे प्रशिक्षित हात आणि जवळच ठेवलेले डिफिब्रिलेटर उपयोगी पडते.

७. अधिक सूक्ष्म प्रतिमा, अधिक सूक्ष्म संदिग्धता

एकविसाव्या शतकात एमआरआय तंत्राने हृदयस्नायूतील व्रण व सूज दाखवणे शक्य केले. केवळ जाडी न मोजता स्नायूचा पोत पाहता येऊ लागल्याने संदिग्ध पट्ट्यातील अनेक खेळाडूंचे निदान सुकर झाले. परंतु २०२० च्या कोविड साथीत याच साधनाने नवा पेच निर्माण केला. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात कोविडमधून बऱ्या झालेल्या २६ खेळाडूंपैकी चौघांच्या एमआरआयमध्ये हृदयस्नायुदाहाची चिन्हे आढळली. इतक्या लहान अभ्यासाने क्रीडाजगतात मोठी चिंता पसरवली. २०२१ मध्ये बिग टेन या विद्यापीठसमूहातील १,५९७ खेळाडूंचा अहवाल आला तेव्हा हे प्रमाण २.३ टक्के, म्हणजे ३७ खेळाडू, एवढे निघाले. त्यांपैकी २८ जणांना हृदयविकाराचे कोणतेही लक्षण नव्हते. चित्रात दिसणारी पण शरीराला न जाणवणारी ही सूज कितपत धोकादायक, याचे उत्तर चित्रात नव्हते.

८. निर्णय कोणाचा?

प्रतिमा निश्चित उत्तर देत नसेल, तर खेळावे की थांबावे हे कोणी ठरवावे? अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला. शालेय जीवनात हृदयक्रिया बंद पडूनही वाचलेल्या एका बास्केटबॉलपटूला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली, पण खेळण्यास मनाई केली. ‘नॅप विरुद्ध नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ’ या खटल्यात अपील न्यायालयाने १९९६ मध्ये विद्यापीठाच्या बाजूने निर्णय दिला. विश्वसनीय वैद्यकीय पुराव्याच्या आधारे संस्थेने वाजवी निर्णय घेतला असेल, तर न्यायालय त्यात हस्तक्षेप करणार नाही, असे त्याचे सार होते.

पाव शतकानंतर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन सामन्यात कोसळला. मैदानावरच झालेल्या उपचारांनी त्याचे प्राण वाचले आणि त्याच्या शरीरात डिफिब्रिलेटर बसवण्यात आले. तो इटलीतील इंटर मिलान क्लबकडून खेळत होता. तेथील नियमांनुसार असे उपकरण असलेल्या खेळाडूला पात्रता मिळत नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा करार संपुष्टात आला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड क्लबमध्ये दाखल झाला. त्याचे हृदय आणि वैद्यकीय अहवाल बदलले नव्हते. तरीही एका देशात तो अपात्र होता आणि दुसऱ्यात पात्र ठरला.

वैद्यकीय मतही या काळात बदलले. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत खेळाडूला निर्णयप्रक्रियेत सहभागी करून घेण्यावर भर देण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,६६० व्यक्तींच्या अभ्यासात हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी असलेल्या वा तिचे जनुक बाळगणाऱ्या ज्या व्यक्ती तीव्र व्यायाम करत होत्या, त्यांच्यात गंभीर घटनांचे प्रमाण मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले नाही. ज्या आजाराच्या नावाखाली दशकानुदशके खेळाडूंना सरसकट थांबवले गेले, त्या आजारातही प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र विचार करावा लागतो, असा याचा अर्थ होतो.

निष्कर्ष :

१) क्रीडापटूचे मोठे हृदय सामर्थ्याचे की आजाराचे, हा १८९९ मधील प्रश्न प्रत्येक नव्या साधनाने अधिक नेमका झाला, तो संपुष्टात आला नाही. ताडनपरीक्षेने सीमा दिल्या, क्ष-किरणांनी छाया, इकोने जाडी आणि एमआरआयने पोत दिला. प्रत्येक टप्प्यावर संदिग्ध खेळाडूंचा एक गट शिल्लक राहिला.

२) इटलीच्या अनुभवावरून संघटित तपासणीने जीव वाचू शकतात, असे मानण्यास आधार आहे. इस्रायल व मिनेसोटा येथील अभ्यासांमुळे त्या यशाचे सार्वत्रिकीकरण करताना सावधगिरी बाळगावी लागते.

३) निरोगी हृदयाची मापे ज्या समाजातून घेतली जातात त्या समाजाला ती न्याय देतात. इतरांसाठी त्यांची फेरपडताळणी आवश्यक ठरते.

४) निर्दोष तपासणी म्हणजे कायमची सुरक्षितता नव्हे. म्हणून पुनर्तपासणी आणि मैदानावरील तातडीच्या उपचारांची सिद्धता ही तपासणीची अविभाज्य अंगे मानली पाहिजेत.

महाविद्यालयीन क्रीडाव्यवहाराच्या दृष्टीने या इतिहासाचे महत्त्व वेगळे आहे. प्रत्येक विद्यार्थी-खेळाडूची टू-डी इको करणे बहुतेक संस्थांच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु सराव करताना कधी चक्कर येऊन पडलास का, छातीत दुखते का, घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला का, हे विचारण्यास यंत्र लागत नाही. पादुआतील तपासणीतही पुढील प्रतिमा कोणाची काढायची, हे ठरवताना अशा प्रश्नांचा आधार घेतला जात होता. वैद्यकीय प्रमाणपत्रावर केवळ सही-शिक्का उमटवून घेण्याऐवजी हे प्रश्न खरोखर विचारले गेले, तर सव्वाशे वर्षांच्या या संशोधनाचा काही अंश तरी आपल्या मैदानांपर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.